प्रस्तावना : लोकांच्या वाहनांतून श्रीलंका

श्रीलंकेत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला भाड्याची मोटार लागत नाही. उत्तरेच्या जाफन्यापासून दक्षिणेच्या माताऱ्यापर्यंत आणि पश्चिमेच्या नेगोम्बोपासून पूर्वेच्या पोट्टुविलपर्यंत प्रत्येक मोठ्या गावाला बस जाते. बऱ्याच गावांना रेल्वेही आहे, आणि जिथे दोन्ही संपतात तिथे तीनचाकी उभी असते. देशाचे क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 430 किलोमीटर. नकाशा पाहून हा प्रवास दोन-चार दिवसांत उरकेल असे वाटते, पण अंतराचा हिशेब इथे किलोमीटरमध्ये न करता तासांत करावा लागतो. कोलंबोहून बदुल्ल्याला रेल्वेने जेमतेम तीनशे किलोमीटर अंतर आहे आणि त्याला नऊ-दहा तास लागतात.

रेल्वे, बस आणि तीनचाकी ही तीन साधने वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी इथे आली. रेल्वे मळ्यांतला माल बंदरापर्यंत आणायला बांधली गेली. बससेवा सरकारने गावोगावच्या लोकांसाठी एका छत्राखाली आणली आणि पुढे खासगी मालकांनाही खुली केली. तीनचाकी आयात होऊन आली आणि शेवटच्या मैलाची धनीण झाली. कोणते वाहन कुठे उपयोगी पडेल आणि कुठे निरुपयोगी ठरेल, याचे उत्तर बहुतेक वेळा या इतिहासात सापडते.

पहिली गाडी 27 डिसेंबर 1864 रोजी कोलंबो ते अंबेपुस्सा या 54 किलोमीटरच्या मार्गावर धावली. त्या वेळी सिलोनचे मुख्य पीक कॉफी होते आणि मध्य डोंगराळ भागातली कॉफी बैलगाड्यांनी कोलंबोला येत असे. रेल्वे 1867 मध्ये कँडीला पोचली. त्याच वर्षी जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलेकोंडेरा येथे चहाची व्यापारी लागवड सुरू केली. दोनच वर्षांनी कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला, पुढच्या दोन दशकांत कॉफीचे मळे उजाड झाले आणि त्यांची जागा चहाने घेतली. रेल्वे चहाच्या मागोमाग डोंगर चढत गेली : 1885 मध्ये नानू ओया, 1894 मध्ये बंडारवेला, 1924 मध्ये बदुल्ला. चहाच्या पेट्या खाली आणायच्या आणि तांदूळ-खत वर न्यायचे, हे या मार्गाचे काम होते. आज त्यावर जगभरचे पर्यटक खिडकीच्या जागेसाठी धडपडतात.

सुमारे दीड हजार किलोमीटरच्या या जाळ्याचा आकारही त्या मूळ कामावरून ठरला. बहुतेक सगळे मार्ग कोलंबोकडे येतात. एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात थेट नेणारे फारच थोडे. कँडी आणि सिगिरिया यांमधले अंतर नव्वद-शंभर किलोमीटर असले तरी त्यांना जोडणारी सोयीची रेल्वे नाही. नैर्ऋत्य किनाऱ्याने गॉल आणि माताऱ्यावरून जाणारा मार्ग 2019 पासून बेलिअत्त्यापर्यंत वाढला आहे, पण हंबनटोटा, तिस्समहाराम, कतरगामा आणि अरुगम बे यांना आजही बसशिवाय पर्याय नाही. म्हणून श्रीलंकेत नुसत्या रेल्वेने फिरण्याचा बेत अर्ध्यावर अडतो.

रेल्वेमार्ग भारताप्रमाणेच ब्रॉडगेज, म्हणजे 1,676 मिलिमीटर रुंदीचा आहे, आणि भारतीय बनावटीची इंजिने व डबे त्यावर धावतात. डोंगरी मार्ग मात्र एकेरी आहे आणि तिथली गाडी अजून जुन्या टॅब्लेट पद्धतीने सोडली जाते. पुढच्या स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून स्टेशनमास्तर यंत्रातून एक चकती काढतो, ती कड्याला लावलेल्या पिशवीत घालतो आणि ते कडे चालकाच्या हाती देतो. चकती हातात आल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत एखाद्या लहान स्थानकात पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते ते यामुळेच. पट्टीपोला हे या मार्गावरील सर्वांत उंच स्थानक समुद्रसपाटीपासून 1,891 मीटरवर आहे. एल्ला आणि देमोदरा यांच्या दरम्यान 1921 मध्ये बांधलेला नऊ कमानींचा पूल लागतो. देमोदरा येथे चढ कमी करण्यासाठी लोहमार्ग डोंगराभोवती पूर्ण वळसा घेतो आणि ज्या स्थानकातून गाडी निघाली त्याच स्थानकाखालच्या बोगद्यातून बाहेर पडतो.

गाड्यांत पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन वर्ग असतात. लांब पल्ल्याच्या काही गाड्यांत या वर्गांचे आरक्षित डबे असतात आणि त्यांचे आरक्षण साधारण महिनाभर आधी खुले होते. कँडी ते एल्ला या टप्प्यावरील आरक्षित जागा पाहता पाहता संपतात. ती संधी हुकली म्हणून प्रवास हुकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अनारक्षित तिकिटे प्रवासाच्या दिवशी स्थानकाच्या खिडकीवर मिळतात. त्यांवर जागेची हमी नसते, पण गाडीत शिरण्याचा हक्क असतो. गर्दी टाळायची तर गाडी जिथून सुटते त्या स्थानकावर चढावे, किंवा पर्यटकांच्या आवडत्या टप्प्याच्या अलीकडे-पलीकडे प्रवास करावा. हॅटन ते नानू ओया किंवा हापुतले ते बदुल्ला हे तुकडेही तितकेच देखणे आहेत. ‘पोडी मेनिके’ आणि ‘उदरट मेनिके’ या दोन प्रसिद्ध गाड्यांपैकी पहिली कँडीत शिरून परत फिरते, तर दुसरी पेरादेनियावरून कँडीला वळसा घालते. गाडी निवडताना एवढे पाहून घ्यावे. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावे लागते, कारण बाहेर पडताना फाटकावर ते परत घेतले जाते.

खाण्याची चिंता गाडीत करावी लागत नाही. टोपल्या घेतलेले विक्रेते दर थोड्या वेळाने डब्यातून जातात. मसूरवड्यात अख्खी कोळंबी रुतवून तळलेला ‘इस्सो वडे’, फोडणीचे हरभरे, उकडलेल्या शेंगा, तिखट-मीठ लावलेल्या अननसाच्या फोडी असा त्यांचा माल. वडे बहुधा कागदाच्या पुडीत मिळतात आणि ती पुडी कित्येकदा कुणा शाळकरी मुलाच्या वहीच्या पानाची असते.

किनारी मार्गाचे रूप वेगळे आहे. कोलंबो फोर्ट स्थानकातून दक्षिणेकडे निघालेली गाडी काही मिनिटांतच समुद्राला येऊन भिडते आणि बराच वेळ उजव्या हाताला पाणी सोबत राहते. सकाळ-संध्याकाळ या गाड्या नोकरदारांनी खच्चून भरतात. प्रवाशाने मधली वेळ धरावी. याच मार्गावर पेरालिया येथे 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत एक भरलेली गाडी लाटेखाली सापडली आणि सतराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जगातील रेल्वे दुर्घटनांत मृतांची संख्या याहून मोठी असलेली घटना शोधून सापडणे कठीण. तिथे आता स्मारक आहे.

उत्तरेच्या मार्गाचा इतिहास यादवी युद्धाशी जोडलेला आहे. कोलंबो ते जाफना धावणारी ‘याळ देवी’ 1990 मध्ये बंद पडली, रूळ उखडले गेले आणि स्थानके ओस पडली. युद्ध 2009 मध्ये संपल्यावर भारताच्या कर्जातून ‘इरकॉन’ या भारतीय सरकारी कंपनीने मार्ग पुन्हा बांधला. ऑक्टोबर 2014 मध्ये गाडी जाफन्याला आणि पुढच्या जानेवारीत कांकेसंतुरईला पोचली. पूर्वेकडे त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ यांना जाणारे फाटेही चालू आहेत. ते जंगलातून जातात आणि रुळांवर हत्ती येत असल्याने काही टप्प्यांत गाडी हळू चालवावी लागते.

रेल्वे जिथे नाही तिथला आणि जिथे आहे तिथलाही मोठा भार बसवर आहे. सुरुवातीला बस खासगी कंपन्यांच्या होत्या. भंडारनायके सरकारने 1 जानेवारी 1958 रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण करून सिलोन ट्रान्स्पोर्ट बोर्ड स्थापन केले. फायद्या-तोट्याचा विचार न करता आडगावी बस पोचवणे हा त्यामागचा हेतू होता. 1979 मध्ये खासगी बसना पुन्हा परवानगी मिळाली आणि तेव्हापासून दोन्ही सेवा एकाच रस्त्यावर धावत आहेत. आज सरकारी मंडळाचे नाव श्रीलंका ट्रान्स्पोर्ट बोर्ड असे आहे, तरी लोकांच्या तोंडी ‘सीटीबी’च आहे. त्याच्या लाल बस, त्यांतली कडक बाके, आडगावात रात्रीच्या मुक्कामाला थांबणारी फेरी, हे सगळे एसटीत वाढलेल्या मराठी प्रवाशाला शिकवावे लागत नाही.

खासगी बसचे गणित निराळे असते. बहुतेक मालकांकडे एक किंवा दोनच गाड्या असतात आणि चालक-वाहकाची कमाई दिवसाच्या गल्ल्यावर ठरते. त्यामुळे गावात बस रेंगाळते, वाहक पायरीवर लटकून गावांची नावे घेत राहतो, आणि गावाबाहेर पडताच गेलेला वेळ भरून काढायला व पुढच्या गाडीच्या आधी प्रवासी उचलायला ती सुसाट सुटते. आंतरप्रांतीय खासगी बसवर राष्ट्रीय वाहतूक आयोगाचे, तर प्रांतातल्या बसवर त्या त्या प्रांताचे नियंत्रण असते. साध्या बसखेरीज वातानुकूलित बस आणि द्रुतगती मार्गावरच्या बस असे प्रकार आहेत. कोट्टावा ते गॉल हा दक्षिण द्रुतगती मार्गाचा टप्पा नोव्हेंबर 2011 मध्ये खुला झाला आणि जुन्या किनारी रस्त्याने निम्मा दिवस खाणारा हा प्रवास बराच आटोपशीर झाला. या बस कोट्टाव्याजवळच्या मकुंबुरा स्थानकातून सुटतात आणि त्यांत उभे राहून प्रवास करता येत नाही.

बस ओळखायची ती क्रमांकावरून. कोलंबो ते कँडी 1, कोलंबो ते गॉल 2, कोलंबो ते जाफना 87, कोलंबो ते बदुल्ला 99. कटुनायके विमानतळाकडे जाणारी 187. पाटी सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत असली तरी सर्वांत ठळक अक्षरे सिंहली असतात, म्हणून आकडा लक्षात ठेवणे सोपे. गावांची नावेही भाषेप्रमाणे बदलतात. जाफना सिंहलीत यापनय आणि तमिळमध्ये याळ्प्पाणम. बट्टिकलोआ सिंहलीत मडकलपुव आणि तमिळमध्ये मट्टक्कळप्पु. वाहक ‘नुवर, नुवर’ असा पुकारा करतो तेव्हा ती बस कँडीची असते, कारण कँडीचे सिंहली नाव महानुवर आहे. नुवारा एलियाला निघालेला नवखा माणूस तिथे हमखास चुकतो.

बसमध्ये मागच्या किंवा पुढच्या दाराने चढून आधी जागा पकडायची असते; वाहक नंतर येऊन पैसे घेतो. सुट्टे पैसे जवळ असावेत. मोठे सामान ठेवायला साध्या बसमध्ये खास सोय नसते. चालकाशेजारी किंवा मागच्या बाकाजवळ जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सामानासाठी वेगळ्या आसनाचे भाडे द्यावे लागते. पुढची काही आसने भिक्खूंसाठी राखीव असतात. भिक्खू चढले की तिथे बसलेला माणूस न सांगता उठतो आणि स्त्रिया त्यांच्या शेजारी बसत नाहीत. गर्भवती आणि अपंग प्रवाशांसाठीही आसने राखलेली असतात. गाडीत गाणी मोठ्याने चालू असतात आणि चालकाच्या डोक्यावर बुद्ध, गणपती किंवा येशू यांच्या तसबिरी दिव्यांच्या माळेत चमकत असतात. कित्येक बसमध्ये त्या शेजारी-शेजारी दिसतात.

बस किंवा रेल्वे सोडून मुक्कामाच्या दारापर्यंत जायचे तर तीनचाकी. पर्यटक तिला टुकटुक म्हणतात, स्थानिक लोक ‘थ्री-व्हील’. देशात नोंदलेल्या तीनचाकींची संख्या दहा लाखांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुसंख्य बजाजच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या उद्योगाची श्रीलंकेतल्या रस्त्यांवर रोज दिसणारी खूण. कोलंबोत मीटरच्या रिक्षा आहेत आणि ‘पिकमी’ व ‘उबर’ या ॲपवर भाडे आधीच कळते. कोलंबोबाहेर मीटर क्वचित दिसतो. तिथे बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे, आणि ते संपूर्ण फेरीचे की माणशी, थांबण्याचे पैसे धरून की वेगळे, हेही विचारून घ्यावे. पाच-दहा किलोमीटरपर्यंत तीनचाकी सोयीची. त्यापुढे बसच्या तुलनेत ती कित्येक पट महाग पडते. सरकारने 2020 मध्ये परकी चलन वाचवण्यासाठी वाहनांची आयात थांबवली आणि 2025 मध्ये ती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात जुन्याच गाड्या डागडुजी करून चालवल्या गेल्या.

याच काळातल्या आर्थिक संकटाने सारी वाहतूक हलवून सोडली. 2022 मध्ये देशाने परकी कर्जाची परतफेड थांबवली, इंधन मिळेनासे झाले आणि पंपांवर दिवसचे दिवस रांगा लागल्या. पुढे क्यूआर कोड दाखवून आठवड्याचा ठरावीक कोटा घेण्याची पद्धत आली. बस, रेल्वे आणि तीनचाकी या सगळ्यांची भाडी त्या वर्षी भराभर वाढली. म्हणून छापील भाडेपत्रकावर विसंबू नये. निघताना स्थानकावर किंवा सहप्रवाशाला विचारलेला दरच खरा.

तिन्ही साधने एकमेकांना कशी जोडली जातात हे काही उदाहरणांवरून कळेल. नुवारा एलियाला रेल्वेस्थानक नाही. नानू ओया स्थानकात उतरून उरलेले आठेक किलोमीटर बस किंवा तीनचाकीने जायचे असते. तिथून वेलिमडा-बदुल्ल्याकडे जाणारी बस सीता एलियावरून जाते. रामायणातील अशोकवन इथेच होते अशी समजूत असल्यामुळे महाराष्ट्रातून येणारे सहलीचे जथे तिथल्या सीतेच्या मंदिराशी थांबतात. सहलीच्या गाडीवाचूनही ते सहज पाहता येते. श्रीपाद या 2,243 मीटर उंच शिखराच्या यात्रेसाठी हॅटनपर्यंत रेल्वे आणि पुढे मस्केलियामार्गे नल्लतन्नियापर्यंत बस आहे. डिसेंबर ते मे या यात्रेच्या हंगामात फेऱ्या वाढतात, एरवी मस्केलियाला बस बदलावी लागते. सिगिरियासाठी आधी दांबुल्ला गाठायचे. कँडी, कोलंबो, अनुराधापुर आणि त्रिंकोमाली यांचे रस्ते तिथे मिळतात आणि सिगिरियाची बसही तिथूनच सुटते. जाफन्याहून नैनातीवू आणि डेल्फ्ट या बेटांना जायचे तर कुरिकट्टुवान धक्क्यापर्यंत बस आणि पुढे होडी.

वेळापत्रकाइतकेच पंचांगही पाहावे लागते. प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’च्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते. त्याला जोडून शनिवार-रविवार आला की कोलंबोबाहेर पडणाऱ्या गाड्या तुडुंब भरतात. जूनच्या पोसोन पौर्णिमेला अनुराधापुर-मिहिंतले आणि जुलै-ऑगस्टच्या एसला पेराहेराला कँडी गजबजून जाते. एप्रिलच्या 13-14 तारखेला सिंहली व तमिळ नववर्ष येते. त्याआधी सगळे कोलंबो गावाकडे धावते आणि प्रत्यक्ष सणाच्या दिवशी चालक-वाहकही घरी असल्याने रस्त्यावर बस दिसेनाशा होतात. त्या दोन-तीन दिवसांत लांबचा प्रवास आखू नये.

पावसाचे दोन हंगाम प्रवासाची दिशा ठरवतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर आणि मध्य डोंगरावर पाऊस आणतात, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे उत्तर-पूर्वेला भिजवतात, तेव्हा गॉल-माताऱ्याची बाजू फिरण्यास उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर कुठेही जोरदार सरी कोसळतात आणि डोंगरात दरडी पडून रेल्वे व रस्ते बंद होतात. मोठी दरड असली तर मार्ग मोकळा व्हायला बराच काळ जातो. म्हणून डोंगरी मार्गाच्या बेतात एक-दोन दिवस हातचे राखावेत. साध्या गाड्यांना वातानुकूलन नसते. मैदानी भागातला लांबचा टप्पा पहाटे सुरू करून दुपारच्या आत संपवणे हीच स्थानिक लोकांची रीत आहे.

धोक्यांकडे डोळेझाक करून चालत नाही. डोंगरी रेल्वेच्या उघड्या दारात लटकून छायाचित्रे काढताना पर्यटक पडून दगावले आहेत. मार्गालगतचे कातळ, बोगद्यांची तोंडे आणि झाडाच्या फांद्या डब्यापासून हातभर अंतरावर असतात. घाटरस्त्यांवरची बस हा दुसरा धोका. 11 मे 2025 रोजी कोतमले भागात कतरगाम्याहून कुरुनेगलाकडे जाणारी सरकारी बस दरीत कोसळून वीसहून अधिक प्रवासी ठार झाले. रात्रीच्या घाटप्रवासापेक्षा दिवसाची रेल्वे केव्हाही बरी. गर्दीच्या बसमध्ये स्त्रियांना होणारा त्रास ही श्रीलंकेतल्या स्त्रियांचीही जुनी तक्रार आहे. पुढच्या भागात, इतर स्त्रियांजवळ बसणे किंवा आरक्षित डबा घेणे हे त्यावरचे व्यवहारी उपाय.

भारतातून श्रीलंकेत जमिनीवरच्या वाहनांच्या साखळीने जाण्याची कल्पनाही नवी नाही. 1914 पासून मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून तलाईमन्नारपर्यंत आगबोट आणि पुढे कोलंबोपर्यंत पुन्हा रेल्वे असा ‘बोट मेल’चा प्रवास एकाच तिकिटावर होत असे. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. रामेश्वरमहून चालणारी आगबोटही पुढे यादवी युद्धाच्या सुरुवातीला थांबली. तलाईमन्नारपर्यंतची रेल्वे 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण तिच्यापुढे आता बोट नाही. त्याऐवजी ऑक्टोबर 2023 मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंतुरई अशी प्रवासी बोट सुरू झाली. मध्ये खंड पडून ती ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा चालू झाली. समुद्र खवळलेला असताना ती बंद ठेवली जाते.

काही ठिकाणे मात्र लोकांच्या वाहनांच्या आवाक्याबाहेर आहेत. ‘याला’ किंवा ‘विल्पत्तू’ या राष्ट्रीय उद्यानांत शिरायला जीप करावीच लागते. पहाटेच्या विमानासाठीही टॅक्सी बरी. उरलेल्या देशासाठी नियम साधा आहे. डोंगर, किनारा आणि उत्तर यांसाठी रेल्वे. मैदानातली पुरातन नगरे आणि आग्नेय भाग यांसाठी बस. उतरल्यावर शेवटच्या पाच-दहा किलोमीटरांना तीनचाकी. दिवसाला एकच मोठा टप्पा ठेवला आणि पुढच्या गाडीची चौकशी आदल्या संध्याकाळी स्थानकावर जाऊन केली, की एवढ्यावर सारे बेट पाहून होते.